अर्ध्याच चादरी

सकाळचे दहा वाजले तरी पाऊस आला नव्हता, आणि लाँड्रीतलं एकही माणूस त्याबद्दल बोलायला तयार नव्हतं.

बोलणार तरी काय? बाबा गेले तो दिवस पावसाचा होता, आणि त्यानंतर दहाच्या दहा वर्षं त्यांच्या आठवणीच्या दिवशी पाऊस हजर. पहिल्याच वर्षी आईनं खिडकीतून हात बाहेर काढून जाहीर करून टाकलं होतं, "आले बघा." झालं, तेव्हापासून ठरूनच गेलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मशीन बंद. काउंटरवर 'आज उशिरा उघडेल' अशी पाटी. इस्त्रीच्या खोलीतलं लांब टेबल रिकामं करून त्यावर बाबांचा फोटो, खाली कडक इस्त्रीची पांढरी चादर, आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडी. पाऊस आत आला तर पुसायचा नाही. एका वर्षी फोटोत पाणी शिरून बाबांच्या मिशीचा एक कोपरा पांढरा झाला, तर आई म्हणाली, "राहू दे. वय झालंय त्यांचं."

आणि यंदा बाहेर लख्ख ऊन. ढग म्हणून औषधाला नाही.

"बघ ना एकदा," सूनबाई नवऱ्याला हळूच म्हणाली. ती टेबलावरच्या चादरीची घडी काढत होती. बारा वर्षं काउंटर सांभाळून तिच्या हाताला घड्या आपोआप सापडत. "निदान चार थेंब तरी."

"मी काय नळ आहे का?" थोरला म्हणाला. पण त्यानंही खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलंच.

त्याची अडचण वेगळी होती. या घराच्या वरची गच्ची बाबा गेल्यापासून बंद होती. गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरून ते पडले, आणि दुसऱ्या दिवशी आईनं जिन्याच्या दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली, ती आजतागायत. तेव्हापासून साऱ्या चादरी मागच्या अंधाऱ्या खोलीत यंत्रांच्या गरम हवेवर वाळत, आणि ओलसर दिवसांत त्यांना कुबट वास मारी. गेल्या महिन्यात हॉटेलवाल्यानं एक अख्खा गठ्ठा परत पाठवला होता, वर चिठ्ठी, 'पाहुणे नाक मुरडतात.' थोरल्याला गच्ची उघडून वर पत्रा घालायचा होता. त्यानं महिनाभर आईच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे आई म्हणाली होती, "त्या दिवशी त्यांना विचारते, मग सांगते."

त्यांना विचारते म्हणजे पाऊस कसा येतो ते बघते. आता पाऊसच आला नाही तर उत्तर काय समजायचं?

"आले नाहीत म्हणजे त्यांची काही हरकत नाही," थोरल्यानं हिशेब जुळवला.

"किंवा रुसलेत," सूनबाई म्हणाली. "पत्र्याचं ऐकून."

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी चादरींच्या बाजूनं आहे. वास येतो तेव्हा शिव्या काउंटरवर मला पडतात, तुला नाही. पण सासूबाईंनी नाही म्हटलं तर मी नाहीच म्हणणार. मला इथं राहायचंय."

मामा कोपऱ्यात आपल्या इस्त्रीपाशी बसून हे ऐकत होता. आईचा धाकटा भाऊ, पस्तीस वर्षं याच खोलीत उभा. गिऱ्हाइकं त्याला कडकमामा म्हणत, इस्त्री कडक म्हणून. स्वभाव म्हणाल तर लोण्याचा. तो आज सकाळपासून एक अवाक्षर बोलला नव्हता. दरवर्षी या दिवशी तो असाच गप्प होई आणि पाऊस पडायला लागला की काहीतरी निमित्त काढून मागे निघून जाई. घरातले म्हणत, मामा हळवा आहे.

"मामा, तुम्ही सांगा, गच्ची उघडायची की नाही?" थोरल्यानं विचारलं.

"कुलूप आहे ते बरं आहे," मामा म्हणाला आणि बंद इस्त्रीचा तळ पुसू लागला.

साडेदहाला धाकटी, थोरल्याची बहीण, आली. हातात छत्री नव्हती, आणि ते सगळ्यात आधी सूनबाईच्या लक्षात आलं.

"आली गं बाई वेधशाळा!" ती ओरडली. "आणि छत्री न घेता! मग आज कठीणच आहे."

धाकटी हवामान खात्यात नोकरीला होती. रोज सकाळी साडेआठला कचेरीच्या अंगणातल्या भांड्यात साठलेला पाऊस मोजून नोंदवायचा, वारा बघायचा, ढग बघायचे आणि वरच्या कचेरीला कळवायचं, हे तिचं काम. घरात त्याची इतकी चेष्टा झाली होती की आता चेष्टेलाही गंज चढला होता. कोणाला पायमोजे वाळत घालायचे असले तरी तिला फोन जाई. तिचं उत्तर मात्र ठरलेलं असे: "घरच्यांना अंदाज सांगत नाही." आणि या दिवशी दरवर्षी आई तिला एकच प्रश्न विचारी, "किती आले गं?" म्हणजे किती मिलिमीटर. त्यावर धाकटी म्हणे, "आज माझी सुट्टी आहे, आई."

सगळ्यांना वाटे, पोरीला नोकरीचा कंटाळा असेल. खरं तिला एकटीला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी, सतरा वर्षांची असताना, तिनं शाळेत वारा ओळखायला शिकून घेतलं होतं आणि त्याची तिला भारी घमेंड होती. त्या सकाळी क्लासला जाता जाता ती गच्चीवर गेली. बाबा हॉटेलच्या चाळीस ओल्या चादरी घेऊन आभाळाकडे बघत उभे होते. तिनं बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाली, "बाबा, आज पाऊस नाही. घाला बिनधास्त." दुपारी पावणेचारला पाऊस आला. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दारात गर्दी होती, आणि बाबा चादरी काढायला वर गेले होते असं कोणीतरी कोणालातरी सांगत होतं. बस्स, तेवढंच तिनं ऐकलं. पुढे त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोललं नाही. आईला ते सोसत नसे. धाकटीनं ते वाक्य पोटात ठेवलं, त्याच्यावर शिक्षण घेतलं, त्याच्यावर नोकरी मिळवली. दरवर्षी इथं उभं राहून खिडकीतून येणारा पाऊस बघायचा, आई हात जोडून "आले" म्हणणार, आणि तिला मात्र ऐकू येणार, 'बिनधास्त ना?'

आज पाऊस नव्हता. काल कचेरीत नकाशा बघतानाच तिला कळलं होतं, आणि तेव्हाच तिनं ठरवलं की यंदा सांगून टाकायचं. कोरड्या दिवशी जमलं नाही तर कधीच जमणार नाही.

आई आतून आली. सत्तरी ओलांडली होती, पण पाठ ताठ. तिनं फोटोसमोर उभं राहून खिडकी बघितली, आभाळ बघितलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"उशीर झालाय त्यांना," ती म्हणाली.

"आई, पहाटे जरा भुरभुर झाली होती म्हणे," थोरला म्हणाला. "ती धरायची का?"

"कुठं झाली होती?"

"अं... पलीकडच्या भागात."

"पलीकडच्या भागात कोणी त्यांचं नव्हतं," आई म्हणाली. "काय गं, तू सांग. रात्री बारानंतरचा पाऊस आजचा धरतात ना?"

धाकटीला हसू आलं. "आमच्याकडे दिवस सकाळी साडेआठला बदलतो, आई."

"अगं, मेलेल्या माणसाला काय माहीत तुमचं साडेआठ!"

सगळे हसले. मामासुद्धा. मग आईनं कमरेची किल्ली काढून टेबलावर, फोटोच्या शेजारी ठेवली.

"बरं. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. आता तुम्ही बोला. पत्रा घालायचा?"

"घालू या," थोरला म्हणाला. "बाबाच म्हणायचे, चादरीला ऊन लागतं."

"पत्र्याखाली कुठलं ऊन?" सूनबाई म्हणाली.

"अगं, तू माझी बायको ना?"

"म्हणूनच तर. पत्रा घालायचा तर गच्ची उघडायची कशाला? उघडायची तर उघडी उघडा. मोकळ्या दोऱ्यांवर वाळू द्या. पाऊस आला तर उतरवू. आधी उतरवतच होतो की."

"नको," मामा म्हणाला.

"नको," त्याच वेळी धाकटी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईनं दोघांकडे पाहिलं. तिला चादरीवरचा डाग दहा हातांवरून दिसत असे.

"तुला का नको?" तिनं धाकटीला विचारलं.

आता. धाकटीनं टेबलाची कड धरली. "कारण त्या दिवशी मी बाबांना सांगितलं होतं पाऊस नाही म्हणून. मीच. क्लासला जाताना. घाला बिनधास्त, असं मी म्हणाले. म्हणून त्यांनी चाळीस चादरी घातल्या, म्हणून त्यांना पावसात धावत वर जावं लागलं. दादा, वहिनी, तुम्ही दरवर्षी म्हणता आशीर्वाद. आई म्हणते बाबा आले. मला वाटतं ते मला विचारायला येतात." तिनं टेबलाची कड सोडली. "हे मला अकरा वर्षांपूर्वी सांगायचं होतं."

थोरला बहिणीकडे जायला निघाला आणि मध्येच थांबला, कारण सूनबाई हवेत बोटं मोजत होती.

"थांबा," ती म्हणाली. "चाळीस? चाळीस कुठल्या? वीस होत्या."

"काय?"

"मी नवी होते गं, सहा महिने झाले होते लग्नाला. पाऊस आला, मीच जिन्यातून ओरडले, 'उतरवा!' मी आणि तुझा दादा धावलो. पाच मिनिटांत काम उरकलं. मी खाली येऊन मोजल्या, कारण मला नेहमी वाटायचं माझ्याकडून एखादी हरवेल. वीस भरल्या. मी घाबरले, उरलेल्या वीस गेल्या कुठे? तर त्या खाली टोपलीत, तशाच ओल्या. आणि बाबा तर नंतर वर गेले. चादरी उतरल्यावर!"

"हो," थोरला सावकाश म्हणाला. "हो की. मी चादरी टोपलीत टाकत होतो, तेव्हा ते माझ्या शेजारून वर गेले. हातात फडकं होतं."

"मग वर कशाला गेले?" धाकटीनं विचारलं.

मामानं इस्त्री खाली ठेवली. उठला. टेबलाशी आला, बाबांचा फोटो अलगद उचलून सूनबाईच्या हातात दिला, पांढरी चादर बाजूला केली. इस्त्रीच्या टेबलावर कापडाखाली जाड घोंगडी अंथरलेली असते. त्यानं घोंगडीचा कोपरा उचलून आत हात घातला आणि एक लांबट, चपटी झालेली वही बाहेर काढली.

"वाळण वही!" आई म्हणाली. "ती हरवली होती."

बाबा रोज सकाळी त्या वहीत दोन ओळी लिहीत. आभाळ कसं आहे, किती कपडे घातले, कोणी काय करायचं. हरवली म्हणून आईनं तेव्हा सगळी लाँड्री पालथी घातली होती, आणि वही दहा वर्षं दर आठवणीच्या दिवशी त्यांच्याच फोटोखाली होती.

"ताई, मी लपवली," मामा म्हणाला. "शेवटचं पान वाच. मला वाचवत नाही."

आईनं चष्मा लावला. ओठ हलवत आधी मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि मग, घरातल्या कोणालाही अपेक्षित नव्हतं असं, ती फिसकन हसली.

"ऐका," ती म्हणाली. "'आभाळाचा भरवसा नाही. धाकटी म्हणते पाऊस नाही. अर्ध्याच चादरी घातल्या.'"

धाकटीनं मान लांब करून वहीत पाहिलं.

"अगं वेडे, त्यांनी तुझं ऐकलंच नव्हतं," आई म्हणाली. "तुझ्या तोंडावर हो म्हणाले असतील. तुझ्यापुढे कधी नाही म्हणाले ते? पण चादरी अर्ध्याच!"

"माझ्यावर विश्वास नव्हता त्यांचा?" धाकटी म्हणाली आणि रडता रडता तिला खरोखर राग आला. "मी वारा बघून सांगितलं होतं!"

"आणि पाऊस आला की नाही?" थोरला म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "बाबांचाच अंदाज बरोबर निघाला."

"पुढे वाच, ताई," मामा म्हणाला. "खालची ओळ."

आईनं वाचली. "'दोऱ्या: मामा.'"

मामा खाली बसला. "पहिल्या सरीनंतर दोऱ्या पुसायच्या असतात. पावसानं धूळ सुटते, ती तेव्हाच ओल्या फडक्यानं पुसून घेतली तर ठीक, नाहीतर वाळून बसते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चादरीवर काळी रेघ. त्या दिवशी पाळी माझी होती. मी दाढी करायला गेलो होतो. पाऊस आला तो तिथून दिसला मला. म्हटलं, थांबू दे, मग जाऊ. चहा मागवला. भाऊजी माझी वाट बघून स्वतः वर गेले." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुला ही वही दाखवायची हिंमत झाली नाही."

आईनं वही मिटली. बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा होता, काउंटरपासून मागच्या खोलीपर्यंत पोचणारा.

"म्हणजे पाऊस पडला की या घरात तू मान खाली घालत होतीस, आणि तू मागे पळत होतास, आणि मी मूर्खासारखी म्हणत होते, आले बघा! मला कोणी सांगायचं तरी." ती भावाकडे वळली. "आणि सकाळी दोऱ्या काळ्या पडल्यात म्हणून त्यांचं डोकं कोणी खाल्लं होतं? मी. तेही लिहायचं राहिलं वहीत. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. हिरवं, बोटभर. त्यावर पाय पडला. शेवाळाला कोणाचा निरोप लागत नाही आणि कोणाची पाळी कळत नाही. समजलं?"

"हो, ताई."

"तुला?"

"हो," धाकटी म्हणाली.

"रडायचं तेवढं रडून घ्या. मग ब्रश आणा. आधी जिना घासायचा."

घासला. थोरल्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वरून खाली पायऱ्या घासत आला, मामानं मागून पाणी ओतलं, अकरा वर्षांचं शेवाळ गटारात गेलं. दोऱ्या कुजून गेल्या होत्या म्हणून नव्या बांधल्या. पत्र्याचं नाव कोणी काढलं नाही, थोरल्यानं एकदा वर उघड्या आभाळाकडे पाहिलं, गच्चीवरचा वारा छातीत भरून घेतला आणि म्हणाला, "नकोच. वहिनीसाहेबांचं म्हणणं बरोबर आहे." तो बायकोला वहिनीसाहेब म्हणाला की समजायचं, हरला.

दीड वाजता हॉटेलच्या चाळीस चादरी मशीनमधून निघाल्या. आईनं टोपली जिन्याशी ठेवून धाकटीला हाक मारली.

"सांग."

"काय?"

"येणार का आज?"

घरात अंदाज सांगून अकरा वर्षं झाली होती. धाकटी वर गच्चीच्या कठड्याशी गेली. पश्चिमेला पाहिलं, वारा पाहिला, काल पाहिलेला नकाशा आठवला. शिकलेली बाई होती ती आता, नुसती बोट ओलं करणारी पोर नव्हती. तरी तिनं बोट ओलं केलंच.

"नाही येणार," ती म्हणाली. "घाला बिनधास्त."

"बरं," आई म्हणाली.

पावणेचारला पाऊस आला.

कुठून आला देव जाणे. एक ढग, एवढासा, नकाशात नसलेला. धाकटी काउंटरवर चहा पीत होती; पहिला थेंब दारावरच्या पाटीवर वाजला तसा तिनं कप ठेवला, आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत तीच जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडली, "उतरवा!"

सगळे धावले. मामा सगळ्यांच्या पुढे. हसत, एकमेकांना ढकलत, चिमटे दातांत धरून चादरी ओढल्या, आणि काम सुरू होता होताच संपलं. धाकटीनं खाली येऊन टोपली पाहिली. मग मोजलं.

"वीसच आहेत."

सूनबाई आभाळाकडे बघायला लागली. थोरल्याला अचानक खोकला आला. उरलेल्या वीस चादरी टेबलाखालच्या टोपलीत ओल्याच पडल्या होत्या, आणि टेबलावर, फोटोसमोर, वाळण वही उघडी होती. शेवटच्या पानाच्या पुढचं पान. आईचं मोठं, तिरकं अक्षर.

'आभाळ चांगलं आहे. धाकटी म्हणते पाऊस नाही. अर्ध्याच चादरी घातल्या. दोऱ्या:'

त्यापुढची जागा कोरी होती.

धाकटीनं ते दोनदा वाचलं. मग टेबलावरची पेन्सिल उचलून कोऱ्या जागी लिहिलं, 'मी.' खुंटीवरचं फडकं घेतलं आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय क्षणभर थांबला, मग नीट पडला. पायरी स्वच्छ होती, खरखरीत.

गच्चीवर एकटी ती आणि पाऊस. तिनं पहिली दोरी फडक्यात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. दोरी नवी, तरी फडकं मळलं. दुसरी दोरी. तिसरी. केस भिजले, बाह्या भिजल्या. तिला हसायला येत होतं आणि ती हसत होती.

खालून, जिन्याच्या दारातून, आईची हाक आली. दरवर्षीचीच.

"किती आले गं?"

धाकटीनं चेहऱ्यावरचं पाणी बाहीनं पुसलं.

"दोऱ्या धुण्यापुरते, आई!"